पटाशीची जागा

रंध्याच्या पात्याला पुन्हा खिळा लागला. कर्रर्र. मागच्या पडवीत मी एकटीच होते, म्हणून तोंड सोडलं. "मेली, अजून किती खिळे गिळून बसलीस?" असं त्या फळीलाच म्हणाले. आतल्या खोलीतून आबा खोकले. तो काही खरा खोकला नव्हे. रंधा सरळ चालला की ते गप्प असतात आणि अडला की खोकतात. त्या दिवशी सकाळपासून ते नुसते खोकतच होते.

आबा म्हणजे माझे वडील. निलंग्याकडच्या एका गावचे सुतार, पुढं लातूरला आलेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा मी त्यांना नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला माझं घर आहे तिथं घेऊन आले. त्यांच्याबरोबर टेंपोतून दोनच गोष्टी आल्या. एक हत्यारांचं पोतं आणि दुसरी जुन्या सागवानी फळ्यांची चळत. लातूरचं घर घेणारा म्हणाला, "ताई, हे भंगार कशाला नेताय? इथंच टाका, मी बघतो त्याचं." आबा जाऊन त्या चळतीवर बसले आणि टेंपो येईपर्यंत उठले नाहीत.

आल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. पडवीत तरट टाकून ते बसायचे आणि चाचपडत काहीतरी करत राहायचे. मला एक पळी करून दिली त्यांनी, नुसत्या बोटांच्या अंदाजानं. अजून तीच पळी मी वरणाला वापरते. अडचण एकच होती. हत्यार पोत्यातून कुणीतरी काढून द्यावं लागायचं. "पटाशी दे गं. ती न्हाई, बारकी." "मोगरी दे." "आगं ही कानस हाय." मी शिकवणीत फिजिक्स शिकवते, सकाळची बॅच साडेसहाला. मला कोरायची पटाशी आणि घासायची कानस यांतला फरक कळतो, पण पोत्याच्या तळाशी हात घालून नाही कळत. एके दिवशी निघायच्या घाईत हात घातला आणि करवतीचे दात मनगटाला लागले. मी ओरडले, "आबा, मी काय तुमची हेल्पर आहे का? दिवसभर हे दे, ते दे!"

ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. न्हाई लागत."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडं काहीच मागितलं नाही. पटाशी राहू द्या, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. भिंत धरत धरत स्वतः जातात, सांडतात, सांडलेलं पंच्यानं पुसतात आणि आपण काहीच केलं नाही असे परत येऊन बसतात. चिडून बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं मला. हे गप्प राहणं सोसवत नव्हतं. तरट गुंडाळून कोपऱ्यात उभं होतं ते उभंच राहिलं.

म्हणून ही फळी. गावच्या घरी भिंतीवर हत्यारांची फळी होती, तशी. प्रत्येक हत्यार आपापल्या जागेवर असलं की माणसाला मागावं लागत नाही. तोंडातून गेलेला शब्द मला परत घ्यायचा होता आणि तो तोंडानं घेता येईना. आबांना मात्र मी सांगितलं की चपलांचं स्टँड करतेय.

"चपलाला सागवान?" किती दिवसांनी ते एवढं बोलले.

"हो, चपलांना सागवान," मी म्हणाले. माझाही स्वभाव त्यांच्यावरच गेलाय.

गावच्या घरात दारातून आत आलं की उजव्या हाताला ढाळज होती, बाहेरच्या माणसानं टेकावं अशी ओसरी. तिथंच आबांचं काम चालायचं. उन्हाळ्यात तिथं गारवा असायचा, सागवानाच्या भुश्शाचा वास असायचा आणि कोपऱ्यातल्या सरसाच्या डब्याचा घाण वासही. मी फळीच्या एका टोकावर बसायची. तेच माझं काम. आबा टाचेनं फळी दाबायचे आणि पलीकडच्या टोकाला वजन म्हणून मी. रंधा त्यांच्याकडून माझ्याकडं यायचा, छिलपा उलगडत माझ्या पायापर्यंत यायचा आणि मी तो मनगटात घालायची. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांत बांगड्या. आई म्हणायची, "वजनाला बसवलीया अन् हिचं नटणंच चालू!"

आणि वर फळी. मी खाली बसलेली असायची आणि माझ्या डोक्यावर ती हत्यारं. उजवीकडून आधी बारकी पटाशी, मग रुंद, मग ठोकायची लाकडी मोगरी, मग काटकोन, मग गिरमिट, मग खुंट्यांवर आडवी करवत आणि सगळ्यात शेवटी लाकूड तासायची वाकस. आबांची नजर लाकडावर. हात तेवढा वर जायचा आणि जे हवं ते घेऊन खाली यायचा. कधी चुकला नाही. आई म्हणायची की ह्यांच्या कोपराला डोळे हायत.

हत्यारांपाशी उभं राहायची मला बंदी होती. "हत्यारापाशी हुबं ऱ्हायचं न्हाई, बस खाली," हे मी दिवसातून दहादा ऐकलेलं. हत्यार ओलांडायचं नाही, पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा. खंडेनवमीला मात्र सगळी हत्यारं खाली उतरायची. आई ती पुसून द्यायची, आबा तेल लावायचे, पाटावर मांडून झेंडू वाहायचे. त्या दिवशी मी वर भिंतीकडं बघत बसायची. चुना काळवंडलेला आणि त्यात जिथं जिथं हत्यार होतं तिथं पांढरा आकार राहिलेला. पांढरी करवत, पांढरा काटकोन. मला तो क्रम पाठ आहे तो त्यामुळंच. बाकी काय काय विसरले देव जाणे, हा नाही विसरले.

मग भूकंप झाला.

आमचं गाव पडलं नाही, फाटलं. पडलेल्या गावांकडं सगळे गेले, आबाही गेले. परत आल्यावर काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एवढं खरं की त्यानंतर गावात माळवदाखाली झोपायला कुणी तयार होईना. माळवद म्हणजे सागवानी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर. आजवर उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख नव्हतं आणि आता त्याच्याकडं बघून माणसं अंगणात सरकायची. लोकांनी आपापली घरं स्वतःच्या हातानं उतरवली. आबांनी लोकांची उतरवली, मग आपलं उतरवलं. पांढरी माती अंगणभर पडली आणि कितीतरी दिवस भाकरीत कचकच लागायची. भिंतीवरच्या फळीचं काय झालं, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो तेव्हा आईनं एकच नियम काढला. भिंतीला काही टांगायचं नाही. आरसा नाही, देवाची तसबीर नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. कॅलेंडर तिनं कणकेच्या खळीनं पत्र्याला चिकटवलं आणि दुपारी पत्रा तापला की ते गळून पडायचं. "पडलं तर कागुद पडंल," म्हणायची. आबांची हत्यारं तेव्हा पोत्यात गेली. पुढं लातूरला पक्क्या भिंती मिळाल्या तरी पोत्यातच राहिली. सकाळी ते पोतं पसरून आपल्याभोवती हत्यारं मांडायचे आणि संध्याकाळी भरून ठेवायचे. आई गेली तरी तो नियम तसाच चालू राहिला.

माळवदाच्या फळ्या मात्र लातूरला कामाला लागल्या. शिकवण्यांचे बोर्ड गल्लीगल्लीत लागायला लागले होते. उदगीर, अहमदपूर, लोहा, उमरी, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायची आणि घरोघरी एकेक खोली भाड्यानं जायची. आमचीही गेली. आबांनी घराचं छप्पर तासून त्या पोरांना टेबलं करून दिली. पहाटे पाचला भिंतीपलीकडून चार जण चार वेगवेगळे धडे मोठ्यानं पाठ करायचे आणि त्यांच्या आवाजावर मी माझा अभ्यास करायची. मेसच्या डब्यांचा वास, वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलांचा वास, निकालाच्या दिवशी पेढे आणि त्याच दिवशी कुठल्यातरी खोलीचं बंद दार. पुढं लोखंडी कॉट आणि तयार टेबलं आली, आबांचं काम आटलं, फळ्या सुट्या होऊन पुन्हा चळतीत गेल्या. ही जी आता माझ्या रंध्याखाली होती, तिच्या एका बाजूला आमच्या चुलीचा धूर होता. दुसऱ्या बाजूला बॉलपेननं दाबून लिहिलेलं होतं, बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. त्याच्याखाली बारीक अक्षरात, मला घरी जायचंय.

त्या बाजूवरून मी रंधा फिरवला नाही. ती भिंतीकडं केली.

आता कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, मशीनवर नेऊन कापून आणायची. नेली होती. सॉमिलवाल्यानं फळी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, माळवदाचं लाकूड हाय हे. आत कुठं लोहाराचा खिळा निघंल सांगता येत न्हाई. माझं पातं गेलं तर?" दुसऱ्यानंही तेच सांगितलं. म्हणजे करवतीनं कापा, हातानं रंधा मारा, जंबुरानं एकेक खिळा उपटा. लोहारानं घडवलेले चौकोनी खिळे ते, निघताना किंचाळतात. आणि करवत तर बोथट. इतवारा भागात करवतीला धार लावणारे एक म्हातारे चाचा आहेत असं कळलं, तर त्यांच्याकडं गेले. त्यांनी करवत डोळ्यासमोर आडवी धरली.

"ये हात कुणाचा हाय? दात लई कायद्यात, एका रेषेत घासलेत."

"माझ्या वडिलांचा. डोळे गेलेत त्यांचे. त्यांच्यासाठी फळी करतेय, हत्यारं लावायला."

"उस्तादला विचारलं का?"

"नाही, सांगितलेलंच नाही त्यांना."

चाचांनी कानस उचलली. "विचारायचं, बेटा," एवढंच म्हणाले आणि दात घासायला लागले. मला राग आला. लहानपणी तिथं मी बसलेली, क्रम मला पाठ, आणि हे मला सांगणार विचारायचं!

तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी फळ्या सरळ केल्या, म्हणजे मला सरळ वाटल्या तितक्या. दुसऱ्या रविवारी पटाशांसाठी गिरमिटानं भोकं पाडली, त्यातली दोन तिरपी गेली. हाताला फोड आला, फुटला, बॅचमधल्या पोरी खडू धरताना बघून विचारायला लागल्या. भिंतीत छिन्नीनं भोकं पाडताना तर रडायची वेळ आली. भोक पाडायचं, त्यात लाकडाची गुल्ली ठोकायची, गुल्लीत स्क्रू फिरवायचा, एवढं सोपं. एका भोकाला अख्खा तास लागला आणि बोटभराऐवजी मूठभर सिमेंट खाली आलं. वर्गात मी टॉर्क शिकवते. त्या स्क्रूपुढं माझा टॉर्क काही चालला नाही.

पण लागली एकदाची. गावच्यासारखी, अगदी डोक्याच्या वर. बारकी पटाशी, रुंद पटाशी, मोगरी, काटकोन, गिरमिट, करवत, वाकस. सगळ्यांना तेल लावलं. लांब उभी राहून बघितलं आणि छाती भरून आली माझी. त्याखाली तरट पसरलं, तरटापुढं उरलेला फळीचा तुकडा ठेवला आणि आबांना हाताला धरून आणलं.

"चपलाचं झालं का?"

"झालं. या तर."

पायाला तरट लागलं तसे ते थांबले. अंगठ्यानं तरटाचा काठ चाचपला. मग भिंतीकडं उजवा खांदा करून ते सावकाश खाली बसले. एक गुडघा वर घेतला, दुसरी टाच पुढं सरकवून फळीच्या तुकड्यावर दाबली. नाकानं हवा घेतली. तेलाचा वास आला असणार, कारण तोंड एकदम उजळलं त्यांचं. आणि उजवा हात वर गेला.

हात भिंतीला लागला. नुसत्या भिंतीला. डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला. बोटांना चुना लागला. मी वर बघत होते. हात पुरत नव्हता, चांगला दीड हात कमी पडत होता.

"आबा," मी म्हणाले, "उभं राहून बघा की."

"हुबं?" ते म्हणाले. "कुठं लावलीस?"

"वर. गावच्यासारखी."

त्यांनी हात खाली घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "ही हुब्या माणसाची झाली, बाई. मला हुब्यानं रंधा मारताना कधी बगितलंस का?"

कधीच नाही. टाचेनं फळी दाबून बसलेला माणूस, त्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेली मी, सगळं जमिनीवर. मला उभं राहायची बंदी होती, म्हणून ती फळी मी फक्त खालून बघितली होती. खालून बघणाऱ्या पोरीला ती डोक्याच्या वर, आणि मी तीच उंची जपून ठेवून इथं भिंतीत ठोकली होती. इतका संताप आला मला स्वतःचा! तीन रविवार, फुटलेला हात, चाचांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्या. मी मोगरी काढली आणि आदळली खाली.

"हत्यार आपटू नकोस," आबा म्हणाले.

"मग काय करू? काय करू सांगा! तुम्ही एक शब्द बोलत नाही, काही मागत नाही, मला कसं कळणार?" आणि रडायलाच लागले, चाळिशी ओलांडलेली बाई. "मी तुम्हाला हेल्पर म्हणाले ते चुकलं माझं. चुकलं. आता तरी बोला."

आबांनी टाचेखालच्या फळीचं दुसरं टोक हातानं थापटलं. "बस हितं."

मी बसले. किती वर्षांनी बसले. गुडघे दुखले.

"खडू हाय?"

खडू माझ्या पर्समध्ये नेहमीच असतो. आबांनी हात वर नेला आणि भिंतीवर तळवा ठेवला. "हितं बारकी पटाशी." मी वाकून रेघ मारली. तळवा चार बोटं सरकला. "हितं रुंद. हितं मोगरी." हात पुढं गेला, थांबला, कुठंही अडखळला नाही. क्रम मला पाठ होता तोच निघाला, पण प्रत्येक जागा त्यांच्या खांद्यापासून मोजलेली होती. शेवटी ते म्हणाले, "हितं वाकस. त्येच्यापल्याड तुजं डोस्कं असायचं, म्हणून वाकस लांब."

मग हात खाली घेऊन म्हणाले, "तुजी आई असती तर भिंतीला भोक पाडू दिलं नसतं."

"आता विचारायचं कुणाला?"

"हाव. कुणाला," म्हणाले.

पुढचा रविवार फळी उतरवण्यात आणि खाली लावण्यात गेला. पुन्हा छिन्नी, पुन्हा गुल्ल्या, पुन्हा दात-ओठ खाणं. एक गुल्ली सैल बसली, ती काढून दुसरी ठोकली. वरची चार भोकं तशीच राहिली, चांगली मोठमोठी. येता-जाता ती दिसायची आणि मी तोंड फिरवायची. फळी जराशी डावीकडं कललेली आहे, ते कुणी सांगू नये.

सोमवारी दुपारी बॅचवरून आले, चप्पल काढली आणि मागून ठक् ठक् ठक् ऐकू आलं. मोगरीचा आवाज, लाकडावर. घरात आम्ही दोघंच. पडवीत गेले तर आबा तरटावर बसलेले, टाचेखाली लाकडाचा ठोकळा, आणि चार जाडजूड गुल्ल्यांमधली तिसरी चालली होती.

"आबा, काय करून राहिलात?"

"वरची भोकं बुजवाया लागतील की. किती मोटी पाडलीस, बोट जातंय आत." म्हणजे उभं राहून चाचपून आले होते.

"आणि पटाशी कुणी दिली?"

त्यांनी मोगरी थांबवली नाही.

"कुणी म्हंजी? जागेवर हाय की."